डोळ्यामागची रोहिणी

मराठीत डोळ्यांवर वाक्प्रचारांची काही कमी नाही. डोळा लागतो, डोळे निवतात, डोळे भरून येतात, डोळे पांढरे होतात, डोळ्यांत तेल घालून जागता येते. वर्गात मुलांना वाक्प्रचार लिहायला सांगितले की निम्मी वही डोळ्यांनीच भरायची. पण एवढ्या साऱ्या संपत्तीत रक्ताची आठवण येते ती फक्त माणूस संतापला की. एरवी डोळा म्हणजे पाणी, तेज, फार तर काजळ. डोळा रक्तावर जगतो, आणि तोही इतक्या बारीक धाग्याएवढ्या रक्तवाहिनीवर, हे आपल्या भाषेला जणू माहीतच नाही.

आणि शाळेला तरी कुठे माहीत आहे? मी भाषा शिकवली, विज्ञान नाही, पण शेजारच्या वर्गातला धडा भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही पाठ झाला होता. डोळा हा कॅमेऱ्यासारखा आहे. पुढे पारपटल, मग बाहुली, मग भिंग, मागे दृष्टिपटल. प्रतिमा उलटी पडते. जवळचे दिसत नसेल तर बहिर्गोल भिंग, दूरचे दिसत नसेल तर अंतर्गोल. झाला डोळा! माझे स्पष्ट मत आहे की हा अर्धाच डोळा झाला. कॅमेऱ्याला जेवायला लागत नाही, डोळ्याला लागते. या अर्ध्या शिकवणीचे परिणाम आपण साठीनंतर भोगतो. कारण भिंगाचे दुखणे, म्हणजे मोतीबिंदू, आज तासाभरात काढून टाकता येते आणि गेलेली नजर परत येते. रक्ताअभावी गेलेली नजर मात्र सहसा परत येत नाही.

म्हणून आज जरा मागच्या बाजूने डोळ्यात शिरू या. वाचकहो, कंटाळू नका, वाट मजेची आहे.

हृदयातून निघालेले रक्त मानेतल्या मोठ्या रोहिणीतून वर चढते. (रोहिणी म्हणजे शुद्ध रक्त नेणारी, नीला म्हणजे अशुद्ध रक्त परत आणणारी. ही नावे ज्याने योजली त्याला माझा नमस्कार. आकाशातली रोहिणीही तांबूसच दिसते.) जबड्याच्या खालच्या बाजूला या रोहिणीच्या दोन शाखा होतात. एक चेहऱ्याला आणि डोक्याच्या बाहेरच्या भागाला जाते, दुसरी कवटीत शिरून मेंदूला. आता कोणीही म्हणेल की डोळा चेहऱ्यावर आहे, तेव्हा त्याला चेहऱ्याची शाखा रक्त देत असणार. तसे नाही! डोळ्याची रोहिणी फुटते ती मेंदूच्या शाखेतून. कवटीच्या तळाशी, मेंदूला मोठ्या फांद्या देण्याच्या आधी, ही मुख्य रोहिणी पहिली महत्त्वाची फांदी देते ती डोळ्याला. आधी डोळा, मग मेंदू. नात्याने डोळा मेंदूचाच भाग आहे, आणि हे एकदा मनात बसले की पुढचे सगळे समजते.

ही फांदी जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास जाड. दृष्टीच्या मज्जातंतूबरोबर, त्याच्या खालून, हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून ती डोळ्याच्या खोबणीत येते. खोबण सात हाडांची मिळून झालेली. तिच्यात साधारण ३० मिलिलिटर पाणी मावेल, म्हणजे चहाचे सहा चमचे, आणि त्यात डोळ्याचा गोळा सात मिलिलिटरपेक्षाही कमी. बाकीची जागा स्नायू, चरबी, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांची. खोबणीत आल्यावर ही रोहिणी बहुतेकांच्यात मज्जातंतूला ओलांडून नाकाच्या बाजूला जाते आणि वाटेत प्रत्येकाला त्याचा वाटा देत जाते. अश्रुग्रंथीला एक फांदी, डोळा फिरवणाऱ्या स्नायूंना फांद्या, नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांना, पापण्यांना, कपाळाला. शेवटी ती भुवईच्या वर आणि नाकाच्या मुळाशी बाहेर येऊन चेहऱ्याच्या रक्तवाहिन्यांना हातमिळवणी करते. ही हातमिळवणी लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

पण तिची सगळ्यात लाडकी आणि सगळ्यात नाजूक फांदी म्हणजे पडद्याची मध्य रोहिणी. दृष्टिपटलाला दवाखान्यात सगळे 'पडदा' म्हणतात, मीही तेच म्हणते. ही फांदी मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. डोळ्याच्या साधारण एक सेंटिमीटर मागे ती मज्जातंतूच्या आवरणात घुसते, त्याच्या पोटातून पुढे येते आणि पडद्यावर चार दिशांना पसरते. पडद्याच्या आतल्या थरांना तीच पोसते. बाहेरचा थर, ज्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, तो मात्र पलीकडच्या रंजितपटलातून पोसला जातो. रंजितपटलाला रक्त देणाऱ्या रोहिण्या वेगळ्या, डोळ्याच्या मागून पंधरा-वीस बारीक धाग्यांनी आत शिरणाऱ्या. शेताला वरून पाटाचे पाणी आणि खालून ओल, तसा हा दुहेरी कारभार. गंमत अशी की डोळ्यात येणाऱ्या रक्तापैकी फार मोठा हिस्सा या खालच्या ओलीचा. पाटाच्या वाट्याला येते ते जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. पण तो पाट बंद पडला की प्रकाश टिपला जाऊनही निरोप मेंदूपर्यंत जात नाही. दिवा आहे, तारा आहेत, वीज नाही.

आणि हा पाट एकच आहे. हाताची एखादी रक्तवाहिनी दाबली गेली तर शेजारची मदतीला येते, आडवाटा असतात. पडद्याच्या रोहिणीला आडवाट नाही. काही नशीबवानांना रंजितपटलाच्या बाजूने येणारी एखादी जादा फांदी मिळालेली असते आणि तिच्या जिवावर मधली नजर वाचते. पण ती आपल्याला आहे की नाही, हे डॉक्टरांनी आत पाहिल्याशिवाय कळत नाही.

हे सगळे इतके बारकाईने कोणी पाहिले? आनंदाची गोष्ट अशी की यातला मोठा वाटा आपल्या देशातल्या माणसाचा आहे. सोहनसिंग हेरे हे १९२७ साली पंजाबात जन्मलेले गृहस्थ. पतियाळाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवत असताना त्यांनी शवांच्या डोळ्यांच्या खोबणी उघडून या रोहिणीचा मार्ग इंच इंच मोजला, आणि १९६२ साली सहकारी दास यांच्याबरोबर इंग्लंडच्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिले. पुढे ते इंग्लंडला आणि मग अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात गेले आणि आयुष्यभर डोळ्याच्या रक्तपुरवठ्याचाच ध्यास घेऊन बसले. आपल्या किती विज्ञानशिक्षकांना हे नाव ठाऊक असेल? असो.

हेऱ्यांनी माकडांवर प्रयोग करून पाहिले की ही मध्य रोहिणी दाबून धरली तर पडदा किती वेळ तग धरतो. साधारण ९७-९८ मिनिटांपर्यंत तो सावरतो. २४० मिनिटांनंतर, म्हणजे चार तासांनंतर, भरून न येणारे मोठे नुकसान झालेले असते. चार तास! आमच्याकडे मुंबईहून पाहुणा निघाला तर खंडाळ्याच्या घाटातून पुण्याला पोचायला एवढा वेळ लागतो कधी कधी.

आता खरे बोलायचे ते इथून. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा उजवा डोळा एका शनिवारी संध्याकाळी, चहा पिता पिता विझला. विझला हाच शब्द त्यांनी वापरला. दुखले नाही, लाल झाला नाही, पाणी आले नाही. त्यांनी गार पाण्याचा हबका मारला, घरात होते ते थेंब घातले आणि झोपले. रविवारी दवाखाने बंद. सोमवारी ते गेले कुठे, तर चष्म्याच्या दुकानात! तिथल्या मुलाने शहाणपणा केला आणि नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले. तोवर चाळीस तास उलटले होते. मग चौकशीत निघाले की आधीच्या पंधरवड्यात दोनदा त्याच डोळ्यापुढे पाच-पाच मिनिटे पडदा ओढल्यासारखा अंधार आला होता आणि आपोआप गेला होता. त्यांनी घरात कोणाला सांगितलेही नाही. का? तर दुखत नव्हते म्हणून. पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते हे त्यांना कोणी कधी शिकवलेच नव्हते.

मला त्या तज्ज्ञांचे एक कौतुक वाटले. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही आणि खोटा दोषही दिला नाही. ते म्हणाले, "काका, तुम्ही तासाभरात आला असतात तरी डोळा वाचलाच असता असे मी सांगू शकत नाही. यावर खात्रीचा इलाज अजून नाही. पण मानेतल्या रोहिणीत साचलेल्या थराचा कण सुटून इथे अडकलाय. पुढचा कण मेंदूत जाऊ शकतो. म्हणून तुम्ही त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जायला हवे होते." हेच ते नाते! डोळ्याची रोहिणी मेंदूच्या रोहिणीची मुलगी. एका डोळ्याची नजर अचानक, न दुखता जाणे हा डोळ्यातला पक्षाघात असतो. पाच मिनिटांनी परत आली तरी ती धोक्याची घंटा असते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला तर आपण रात्री दोन वाजता रिक्षा शोधतो. डोळा विझला तर सोमवारची वाट पाहतो.

साठीच्या पुढच्या माणसांसाठी आणखी एक. कानशील दुखते, केस विंचरताना डोके दुखते, चावताना जबडा भरून येतो आणि त्यात नजर मंदावते, असे झाले तर रोहिण्यांच्या भिंतींना सूज आलेली असू शकते. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, पण दिसतो. त्यात वेळेवर स्टेरॉइड मिळाले तर दुसरा डोळा वाचतो.

मधुमेहाची गोष्ट याहून संथ आणि म्हणून याहून फसवी. आमच्या ह्यांना एकोणीस वर्षे साखर आहे, त्यामुळे या विषयात मी नाइलाजाने पदवीधर झाले आहे. वाढलेल्या साखरेने पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात, कुठे फुगे येतात, कुठे पाझर लागतो, कुठे वाहिनीच बुजते. मग उपाशी राहिलेला पडदा ओरडायला लागतो. हे ओरडणे रासायनिक असते. आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ साली असा काही पदार्थ असणार असा अंदाज बांधला होता, पुढे तो सापडला. त्या हाकेला ओ देऊन नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण कच्च्या. बेकायदा नळजोडण्यांसारख्या! त्या फुटल्या की डोळ्यात रक्त सांडते. २००४ सालानंतर या रासायनिक हाकेचा आवाज दाबणारी इंजेक्शने आली, लेसर त्याआधीपासून होताच, आणि वेळेवर गेलेल्यांची नजर बरीच टिकते. पण वेळेवर म्हणजे कधी? तर नजर चांगली असताना! हीच गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. शेवटची ओळ वाचता येते, नंबर बदललेला नाही, मग तपासायचे काय? अहो, नंबर भिंगाचा असतो. रक्तवाहिन्यांना नंबर नसतो. प्रौढपणी होणारा मधुमेह ज्या दिवशी कळला त्याच सुमारास एकदा आणि नंतर दर वर्षी थेंब घालून पडदा पाहून घ्यायचा असतो.

आपले अंधत्व निवारणाचे राष्ट्रीय काम १९७६ साली सुरू झाले आणि त्यात मोतीबिंदूला सगळ्यात मोठे स्थान मिळाले. ते योग्यच होते, त्याने लाखो म्हाताऱ्यांना नजर दिली. पण त्यातून एक समजूतही रुजली की डोळ्याचे शिबिर म्हणजे मोतीबिंदूचे शिबिर, आणि अंधुक दिसते म्हणजे मोतीबिंदू पिकतोय. तो 'पिकण्याची' वाट पाहण्यात किती पडदे वाळून गेले असतील कोण जाणे.

परत जाणाऱ्या रक्ताची, म्हणजे नीलांची कथा थोडक्यात. खोबणीतल्या नीला मागे कवटीत, मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस नावाच्या रक्ताच्या डोहात रिकाम्या होतात. मेंदूला जाणारी मुख्य रोहिणी याच डोहातून आरपार जाते, आणि डोळा हलवणारे मज्जातंतूही इथूनच. पुढच्या बाजूला याच नीला नाकाशेजारी चेहऱ्याच्या नीलांना जोडलेल्या. जुन्या पुस्तकांत या नीलांना झडपा नसतात असे असायचे. अलीकडे काही ठिकाणी झडपा सापडल्या आहेत, पण रक्त उलटे आत जाऊ शकते हे खरेच. म्हणून नाकावरची, वरच्या ओठावरची पुळी दाबून फोडू नये असे आजी सांगायची त्यात तथ्य होते. प्रतिजैविके येण्यापूर्वी त्या डोहात पू पोचला की माणूस जवळजवळ हमखास जायचा. आणि आताच्या आज्यांनी नातींना आणखी एक सांगावे. आठ्या घालवायला कपाळात नाहीतर नाक नीट करायला नाकात भरणीची इंजेक्शने घेतात ना, ती चुकून रोहिणीत गेली तर वर सांगितलेल्या हातमिळवणीतून उलटी पडद्यापर्यंत जाऊन कायमचे आंधळेपण आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस आला तेव्हा 'काळी बुरशी' हे नाव घरोघरी पोचले. पण बुरशी काळी नसते, रक्त न मिळालेली कातडी आणि मांस काळे पडते, हे किती जणांना सांगितले गेले? ती बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते आणि त्या बुजवते. नाकाच्या पोकळीतून खोबणीत यायला तिला कागदासारखे पातळ हाड तेवढे ओलांडायचे असते, आणि त्या हाडात रोहिण्यांसाठी आयती भोकेही असतात. साखर वाढलेली, त्यात स्टेरॉइड दिलेले. जीव वाचवायला कित्येकांचे डोळे काढावे लागले. आपण सगळे ते नाव घाबरून घोकत राहिलो. वाट कळली असती तर गाल सुन्न पडला, पापणी उतरली, दोन-दोन दिसू लागले, याचा अर्थही अधिक लोकांना लवकर लागला असता.

आणि आता माझ्या मूळ धंद्याचा, म्हणजे शब्दांचा मुद्दा. दवाखान्यात एक शब्द सर्रास चालतो, 'नस'. "डोळ्याची नस सुकली." "नसेत रक्त साकळलंय." "नस दबलीय." एकदा मज्जातंतू, एकदा रक्तवाहिनी, एकदा अजून काही. 'शीर' या शब्दाची हीच गत. रोगी मान डोलावतो आणि बाहेर येऊन मुलाला सांगतो, नशीचं काहीतरी आहे. कोणती नस, कशाने सुकली, दुसऱ्या डोळ्याला धोका आहे का, सगळे त्या एका शब्दात बुडते. काचबिंदूने मज्जातंतू सुकणे आणि रोहिणी बंद पडणे या दोन गोष्टींत रोग्याने करायच्या कामाचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात थेंब आयुष्यभर न चुकवणे, दुसऱ्यात रक्तदाब, साखर, हृदय, मान तपासून घेणे. मज्जातंतू, रोहिणी, नीला, तीन शब्द, तिन्ही शाळेच्या पुस्तकातले, आठवी पास माणसाला ओळखीचे. मग ते वापरायला हरकत काय?

हरकत वेळेची आहे, हे मला कळते. बाहेर पन्नास माणसे बसलेली, डॉक्टरही माणूसच. त्यांनी प्रत्येकाला व्याख्यान द्यावे असे मी म्हणत नाही. पण बाहेरच्या भिंतीवर चष्म्याच्या फ्रेमची रंगीत जाहिरात लावता येते, तिथे एक मराठी तक्ता का लावता येऊ नये? लाल रंगात रोहिणी, निळ्यात नीला, पिवळ्यात मज्जातंतू. थेंब घालून तासभर बसवलेली माणसे तेवढाच तक्ता बघत बसतील. (थेंबांनी तक्ता अंधुक दिसेल म्हणा! तेव्हा अक्षरे मोठी हवीत.)

हे सगळे ऐकून घाबरून जाण्यापेक्षा एक करून पाहा. स्वच्छ निळे आकाश असताना, सूर्याकडे पाठ करून, आकाशात एका जागी टक लावा. थोड्या वेळात बारीक चमकते ठिपके वळवळत पळताना दिसतील, थोडे पुढे जाऊन नाहीसे होणारे, नाडीच्या ठोक्यावर जरा वेग घेणारे. धूळ नव्हे, चिलटे नव्हेत. पडद्याच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या तुमच्याच पांढऱ्या पेशी आहेत त्या! अगदी मधोमध मात्र ठिपके दिसणार नाहीत, कारण पडद्याच्या मध्यबिंदूवर, जिथून आपण अक्षरे वाचतो, तिथे निसर्गाने एकही रक्तवाहिनी ठेवलेली नाही, नजरेच्या आड येऊ नये म्हणून. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा गच्चीवर वाळत घातलेले पापड विसरून अर्धा तास उभी होते. आणि डॉक्टरांना हेच बाहेरून दिसते. १८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्यात पाहायचे यंत्र जगापुढे ठेवले तोवर जिवंत पडदा कोणी नीट पाहिलाच नव्हता. कापाकापी न करता माणसाच्या रोहिण्या-नीला उघड्या दिसाव्यात अशी शरीरात ही एकच जागा. रक्तदाबाने रोहिणी बारीक झालेली डॉक्टर तिथे बघू शकतात.

रक्तदाबावरून आठवले. हेऱ्यांचे असे मत होते की रात्री झोपेत रक्तदाब फार उतरला तर दृष्टीच्या मज्जातंतूच्या मुळाशी रक्त कमी पडते आणि माणूस सकाळी उठतो तो एका डोळ्याने अंधुक. म्हणून ते झोपताना रक्तदाबाची गोळी देण्याच्या विरोधात होते. सगळ्या डॉक्टरांना हे पटत नाही, आणि वाचून कोणी आपल्या मनाने गोळीची वेळ बदलू नये. पण विचारायला काय हरकत आहे? ह्यांच्या डॉक्टरांना मी विचारले. ते हसले, म्हणाले, "आजी, हा प्रश्न मला अजून एकाही रोग्याने विचारला नव्हता." आणि मग कागदावर चित्र काढून दहा मिनिटे समजावले. गोळी आमची सकाळचीच आहे.

ह्यांची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. कोणी पहिल्यांदाच जाणार असेल तर सांगून ठेवते. थेंब घातल्यावर तीन-चार तास जवळचे वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही. बरोबर कोणी तरी न्यावे, स्कूटर घरी ठेवावी, काळा चष्मा किंवा छत्री न्यावी. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी जवळ ठेवावी. आणि घरी आल्यावर लगेच भाजी निवडायला बसू नये. मागच्या वर्षी ह्यांनी हौसेने मेथी निवडली होती, ती मला सगळी पुन्हा निवडावी लागली.